रिकाम्या मांडणीचे आगाशेसाहेब

रिकामी मांडणी दिसली की आगाशेसाहेबांचा चेहरा खुलायचा. सकाळी कारखान्यात आले की केबिनमध्ये नाही, आधी माझ्या स्टोअरमध्ये. हात मागे बांधून मांडण्यांमधून फिरायचे. एखादा कप्पा मोकळा सापडला की त्यावरून बोट फिरवून म्हणायचे, "वा कोळेकर! आज काहीतरी केलंत." स्टोअरकीपरला स्टोअर रिकामं केल्याबद्दल शाबासकी! पण साहेब पुण्याचे, त्यात जपानला जाऊन आलेले. आम्ही काय बोलणार, कपाळ?

जपानला ते पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस आम्ही सहा वर्षं ऐकले. चिकलठाण्याला आमचा टीव्हीचा कारखाना, ब्लॅक अँड व्हाइट संच जोडायचो. तिकडे म्हणे सुटा भाग लागेल त्या घटकेला दारात हजर होतो, गोदामच नसतं. "साठा म्हणजे आळस," हे साहेबांचं ब्रीद. "माल पडून आहे म्हणजे कुणाचं तरी डोकं पडून आहे." मी पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्याच्या घरचा. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या चाऱ्याचा घोर दिवाळीपासून लागतो. एकदा धीर करून विचारलं, "साहेब, जपानात बंद होतो का हो?" ते म्हणाले, "कोळेकर, तुमची दृष्टी मेंढपाळाची आहे." होतीच. लांडगा कुठून येतो ते मेंढपाळालाच ठाऊक. पण हे मी मनात म्हणालो आणि कामाला लागलो.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघत, देऊ नका म्हणूनही निघत. आज शहर उघडं, उद्या बंद. आमच्या कॉइल खात्यात अठरा बायका, बहुतेक भीमनगरच्या. टीव्हीत लागणारी तांब्याच्या तारेची कॉइल त्या गुंडाळायच्या. त्यांच्या मुख्य होत्या कमलबाई साळवे. मोर्चा असला की या जायच्या, पण जायची रीत बघा. आधी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत घास उरकून जादा कॉइली करायच्या आणि बाकाखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. त्या दिवशी बाया मोर्च्यात आणि कारखाना पेटीवर. एक संच कधी अडला नाही. "आमच्यापायी काम खोळंबलं असं म्हनायला कुनाला जागा ठिवायची नाय," कमलबाई म्हणायच्या.

एक दिवस साहेबांना ती पेटी दिसली. दुसरा असता तर हात जोडले असते त्यानं. साहेब ओरडले, "साठा! माझ्या कारखान्यात चोरून साठा!" पेटी कशासाठी आहे ते मी समजावून सांगितलं, आणि तिथंच माझं चुकलं. साहेबांच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला. "म्हणजे या मोर्च्याला जातात? मग हे खातं म्हणजे धोका आहे, कोळेकर!" लाइन कधी थांबली नाही हे दाखवायला मी उत्पादनाचं रजिस्टर पुढं ठेवलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. आठ दिवसांत हुकूम निघाला: कॉइल पुण्याहून रोज सकाळी गाडीनं येणार, खातं बंद.

अठरा घरांच्या चुली त्या खात्यावर पेटत होत्या. कमलबाई थेट केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, आमच्यामुळं लाइन किती येळा थांबली, तेवढं सांगा."

"आजवर नाही. पुढे थांबेल."

"अन् पुन्याची गाडी? ती नाय थांबायची व्हय?"

साहेब हसले. "बाई, ते व्यावसायिक लोक आहेत."

खातं बंद केल्याचं पत्र मीच टाइप केलं. मुकाट्यानं तीन प्रती काढल्या. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

काही दिवस गाडी वेळेवर आली. साहेब घड्याळ घेऊन फाटकात उभे. मग एके सकाळी नगर रस्त्यावर रास्ता रोको झाला आणि गाडी अडकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर वैतागून माल घेऊन पुण्याला परत गेला. दिवाळी तोंडावर, दुकानदारांचे फोनावर फोन, आणि लाइनवर माणसं हातावर हात ठेवून बसलेली. मालकांनी मुंबईहून फोनवर साहेबांना काय सुनावलं ते दाराबाहेर मलाही ऐकू आलं. दुपारी साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "कोळेकर, त्या बाईंचं घर माहीत आहे?"

भीमनगरात साहेबांना घडीची लोखंडी खुर्ची मिळाली. दारात बायकांची ही गर्दी! चहा आला. साहेब कपाकडे बघत राहिले आणि मी त्यांच्या बोटांकडे. कमलबाई म्हणाल्या, "घ्या साहेब. आत्ताच केलाय, साठ्यातला नाय." सगळ्या खदखदून हसल्या. साहेबांनी कप उचलला, जीभ भाजली तरी संपवला. एवढं मानलं पाहिजे.

"उद्यापासून या," साहेब म्हणाले.

"येतो की. पन कागद द्या. खातं कायम, अन् आधी काम भरून मोर्च्याला रजा."

साहेबांनी मांडीवर कागद धरून लिहिलं, 'सामाजिक कारणासाठी रजा.' कमलबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि कागद परत दिला. "मोर्चा लिवा. सामाजिक कारन म्हंजी हळदीकुंकू बी असतंय."

साहेबांचं पेन अडलं. मालक काय म्हणतील, पुण्यात काय म्हणतील, सगळं त्यांच्या कपाळावर दिसत होतं. मग त्यांनी आधीचं खोडलं, 'मोर्चा' लिहिलं आणि पूर्ण सही ठोकली. दुसऱ्या दिवशी अठराही जणी भोंग्याआधी हजर होत्या.

पुढं आपल्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं, "अडचणीच्या काळात मी स्थानिक पुरवठ्याचं धोरण आणलं." अहो, काय हा माणूस! पण खरं सांगायचं तर त्यांनी तो कागद कधी मागे घेतला नाही. काही वर्षांनी ते पुण्यात वारले.

त्यानंतरच्या एका संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. कॉइल खातं अख्खं पांढऱ्या साड्या नेसून फाटकात उभं. नवे साहेब तरुण, चिडखोर. "कुणाच्या परवानगीनं?" मी स्टोअरच्या कपाटात जपलेला आगाशेसाहेबांचा तो कागद काढून दिला. त्यांनी वाचला. "यात मोर्चा लिहिलाय. आज कुठंय मोर्चा?"

"सोळा वर्सं चालत व्हता साहेब," कमलबाई म्हणाल्या. "आज पोचला."

नवे साहेब बाजूला झाले. कागदात माझं नाव नव्हतं, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पहिल्यांदाच या बायांबरोबर निघालो. आगाशेसाहेब असते तर पत्र टाकलं असतं: साहेब, तुमचा एकच निर्णय टिकला, तोही खोडून दुसऱ्यांदा लिहिलेला.