मावशीच्या पसंतीचा लॅपटॉप

मावशीला लॅपटॉप हवा होता तो काही हौस म्हणून नाही. तिला स्वतःच्या घरात एकटीने राहायचं होतं आणि त्यासाठी लॅपटॉप घेणं भाग होतं. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं, पण तिच्या मुलाने तशी अटच घातली होती.

हा मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादा लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि तिथून आईचा संसार चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते त्याच्याकडे बघून कळतं. काका गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता: आईने घर विकावं आणि त्याच्या शहरातल्या एका चांगल्या वृद्धाश्रमात राहायला यावं. त्याच्या स्वतःच्या घरी नव्हे, हे लक्षात घ्या. मावशी म्हणायची, "मी काय कपाट आहे, इथून उचललं आणि तिथे ठेवलं?" फोनवर ही ओढाताण कितीतरी महिने चालली. शेवटी दादा म्हणाला, "ठीक आहे. लॅपटॉप शिक. बिलं घरबसल्या भर, औषधं मागव, रोज संध्याकाळी मला समोर दिसत जा. एवढं जमलं तर मी घराचा विषय पुन्हा काढणार नाही."

आई घाबरून माघार घेईल असा त्याचा अंदाज असणार. आपली आई कोण होती हे तो विसरला होता. विमा कंपनीच्या कचेरीत तिने उभी हयात टायपिस्ट म्हणून काढली. कचेरीत तिला मशीनगन म्हणत. साहेबांचं वाक्य संपायच्या आत तिचं टाइप झालेलं असायचं आणि त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत असायची. "बोटांना डोळे असतात गं," ती मला सांगायची, "आपण उगाच तोंडावरचे दोन वापरतो."

तिने खरेदीला दोघींना बरोबर घेतलं, मला आणि कॅशियरबाईंना. कॅशियरबाई म्हणजे मावशीची जिवाभावाची मैत्रीण. त्याच कचेरीत कॅशच्या खिडकीत बसायच्या. दोघींनी एकाच इमारतीत घरं घेतली, मावशी वरच्या मजल्यावर आणि या बरोबर खाली. रोज दुपारचा चहा मावशीकडे. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे. माझी आई सख्खी बहीण असून तिला जे कळायचं नाही ते कॅशियरबाईंना आधी कळलेलं असायचं आणि त्यावरून आई फुरंगटून बसायची. मला मात्र कॅशियरबाई आवडायच्या. आवडायच्या, असंच म्हणते आता.

दुकानात विक्रेता तोंडाचा पट्टा चालवत होता. प्रोसेसर, मेमरी, गेम खेळायला कोणता, सिनेमे बघायला कोणता. मावशीने त्याला थांबवलं. "बाळा, मला अक्षर मोठं दिसलं पाहिजे, पडद्यावर दिव्याची तिरीप चमकायला नको आणि कीबोर्डच्या कळा बोटाला कळल्या पाहिजेत. बाकी तुझं तुझ्याजवळ ठेव." मग तिने खुर्ची मागवली, ताठ बसली, डोळे मिटले आणि एकेका लॅपटॉपवर 'आपले पत्र पावले' असं टाइप करत सुटली. शेजारच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. एकावर ती म्हणाली, "छे, ही तर नुसती फरशी आहे." दुसऱ्यावर म्हणाली, "या कळा लाजाळू आहेत." तिसऱ्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. कळा खोल होत्या, तर्जनीखालचे बारीक उंचवटे ठळक होते. शिवाय पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्यावर एक सरकतं झाकण होतं. नखाने सरकवलं की कॅमेरा बंद. मावशीला त्या झाकणाचं भारी कौतुक वाटलं. तिने ते चारपाच वेळा पुढेमागे करून पाहिलं.

"हा नको," कॅशियरबाई म्हणाल्या.

"का गं?"

"ते झाकण लावशील आणि विसरशील. संध्याकाळी दादाला काळोख दिसेल आणि तो म्हणेल, बघा, आईला जमत नाही. आधीच तो निमित्तावर टपलाय." त्यांनी पलीकडच्या एकावर बोट ठेवलं. "हा बघ. कॅमेरा चांगला आहे याचा. खोलीभरचं दिसतं. नातवाला आजी नीट दिसायला नको का?"

मावशीने पुन्हा एकदा त्या पलीकडच्याच्या कळा दाबून पाहिल्या. बऱ्या होत्या, तेवढ्याच. पण मैत्रिणीने आपली बाजू सांभाळली म्हणून ती इतकी सुखावली होती की तिने आवडलेला लॅपटॉप बाजूला सारला. मीही मनात म्हटलं, असं माणूस हवं जवळ.

दादा सुट्टी काढून आला, त्याने सगळं जोडून दिलं, शिकवलं. मावशीला तो लॅपटॉप झोपायच्या खोलीत खिडकीशी हवा होता. दादा म्हणाला, "हॉलमध्ये ठेव, तिथे इंटरनेट नीट येतं." कॅशियरबाई म्हणाल्या, "हॉलमध्येच बरा, उजेड आहे." मग तो हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसला. समोर सोफा, मागे स्वयंपाकघराचं दार. कॅमेऱ्याशेजारी एक बारीक हिरवा दिवा लागलेला असायचा. दादाने सांगितलं, मशीन जागं आहे म्हणून दाखवतो तो, आणि बंद करायची गरज नाही. मावशीने ऐकलं. मुलाने सांगितलेलं कोण तपासून बघतं?

आणि तिला जमलं की. महिनाभरात ती बिलं भरायला लागली, औषधं मागवायला लागली, मला लांबलचक पत्रं पाठवायला लागली आणि त्यात एकही चूक नसायची. संध्याकाळी दादासमोर केस विंचरून बसायची. दादाकडे बोट ठेवायला जागा उरली नाही. ती मला म्हणाली, "जिंकले गं मी." तिला इतकं खूश मी काका गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

आता टायपिस्टची एक खोड असते. काम संपलं की मशीन झाकायचं. मावशीच्या कचेरीत उघडं मशीन टाकून घरी जाणं म्हणजे बेअब्रू होती, उष्टं ताट तसंच टाकून उठावं तशी. लॅपटॉप मिटता येतो हे तिला ठाऊक होतं, पण रोज उघडझाप केली की बिजागरी जाते असं तिचं ठाम मत. म्हणून तिने खिडकीच्या जुन्या पडद्याची एक उंच खोळ शिवली, चांगलं अस्तर-बिस्तर लावून, आणि उघड्या लॅपटॉपवर ते टोपडं चढवायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. टोपडं खुंटीला टांगलेलं पाहून मी शिवणाची तारीफ केली. मावशी हसत म्हणाली, "काय उपयोग? दादा घालू देत नाही. परवा दुपारी मुद्दाम फोन करून म्हणाला, आई, त्यावर कापड टाकू नकोस, गरम होतो तो. बघ कसं बारीक लक्ष असतं त्याचं."

"पण तू कापड टाकतेस हे त्याला कुणी सांगितलं?" मी सहज विचारलं.

"मीच सांगितलं असेल."

"सांगितलंस?"

मावशी विचार करत बसली. तिच्या हातात भाजीची सुरी होती, ती तिने हळूच खाली ठेवली. "नाही," ती म्हणाली. "मी त्याला दाखवणार होते, पण रविवारी. नातू असतो तेव्हा." मग तिने वळून त्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघी एका सोफ्यावर बसलो होतो आणि आम्हाला दोघींना एकदम कळलं की आपण दिसतोय.

दादाला मी तिथूनच फोन लावला. माझा आवाज चढला होता, नाकबूल करत नाही. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "हॉलपुरतंच आहे," तो म्हणाला. "ती पडली तर कळायला नको? दूध गॅसवर ठेवून विसरते. तू असतेस का तिथे रोज?"

"दूध उतू गेलेलं तुला कसं माहीत? गॅस तर आत आहे."

"कॅशियरबाईंनी सांगितलं. कल्पनाच त्यांची. त्यांच्याही फोनवर दिसतं ते."

फोन स्पीकरवर होता. मावशीने सगळं ऐकलं. मुलाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मुलगा एक वेळ असा वागू शकतो याची तिने कुठेतरी तयारी ठेवलेली असावी. पण ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "म्हणून तो झाकणवाला नको म्हणाली." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला वाटलं खाली जाऊन त्या बाईच्या दारावर लाथ मारावी. मावशीने मला हात धरून बसवलं.

चहाच्या वेळेला कॅशियरबाई आल्या. चप्पल काढून रोजच्या खुर्चीत बसल्या. मावशीने त्यांच्यासमोर कप ठेवला, लॅपटॉपकडे मान वळवली आणि विचारलं, "आत्ता मी कशी दिसते गं? इथून बरी की तुझ्या फोनात?"

कॅशियरबाईंचा रंग उडाला. आधी त्या काहीबाही बोलल्या. मग रडायला लागल्या. "रोज जिना चढताना एकच मनात यायचं. दार वाजवलं आणि तू उघडलंच नाहीस तर? किल्ली माझ्याकडे, म्हणजे आधी मीच बघायचं तुला तसं पडलेलं. मला नाही सोसवणार ते. फोनात बघितलं की तू हिंडताना दिसायचीस, मग मी निवांत वर यायची."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर कदाचित मावशीने ते गिळलं असतं. तिच्या चेहऱ्यावरचा कठोरपणा उतरायला लागला होता, मी पाहत होते. पण कॅशियरबाईंना वाटलं, अजून थोडी माया दाखवावी.

"आणि दादाच्या फोनाआधी तू सराव करायचीस ना," त्या म्हणाल्या, "एकटीच टेबलाशी बसून, मी मजेत आहे, गुडघा अजिबात दुखत नाही, असं हसून हसून म्हणायचीस, ते बघून मला इतकं भरून यायचं. दादालाही आलं. त्यानेच मला सांगितलं, रेकॉर्ड झालेला तो भाग बघा म्हणून."

मावशीचा चेहरा कानशिलात बसल्यासारखा झाला. हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नसावं म्हणून ती एकटी असताना ते करायची. रोज संध्याकाळी केस विंचरून जी हसरी बाई दादासमोर बसायची, तिची तालीम त्याने आधीच पाहिलेली असायची, आणि तरी तो विचारायचा, "कशी आहेस, आई?"

"चहा घे आणि जा," मावशी म्हणाली. "किल्ली ठेवून जा."

दादाने ती व्यवस्था काढून टाकली. मी स्वतः जाणकार माणूस बोलावून खात्री करून घेतली. दादाने फोनवर माफीसुद्धा मागितली, आणि घराचा विषय कायमचा बंद असं मला साक्षीला ठेवून सांगितलं. मावशीला जे हवं होतं ते सगळं मिळालं. घर तिचं, कुणाची अट नाही, कुणाची नजर नाही.

पण मी गेले की बघायचे, ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी बसलेली असायची. सोफ्यावर पाय वर घ्यायची नाही. पूर्वी काम करताना स्वतःशी बडबडायची, भांड्यांशी भांडायची, ते थांबलं. लॅपटॉप मी माळ्यावर टाकला तरी काही फरक पडला नाही. एकदा म्हणाली, "कॅमेरा गेला हे कळतं गं. अंगाला कळत नाही." दुपारी चहाच्या वेळेला खालच्या दाराचा आवाज झाला की तिचा हात कपापाशी थबकायचा. जिन्यावर पाऊल काही वाजायचं नाही.

मग एक दिवस तिने मला दादाच्या त्या वृद्धाश्रमात घेऊन जायला सांगितलं. मी चिडले, चांगली कडाडले. म्हटलं, तू जिंकलीस ना? त्याला हवं तेच करणार आता? कशासाठी मग एवढा अट्टहास केला? तिने माझं बोलणं संपू दिलं आणि म्हणाली, "गाडी कधी काढतेस ते सांग."

जागा स्वच्छ होती. व्यवस्थापिका म्हणून एक तरुण बाई होती, तिने आम्हाला जेवणघर दाखवलं, बाग दाखवली, रिकामी खोली दाखवली. खोलीला एक पलंग, एक टेबल, पूर्वेला खिडकी. बाहेर आल्यावर तिने वर बोट केलं. व्हरांड्याच्या छताला एक काळा गोल डोळा होता.

"आजी, इथे व्हरांड्यात आणि जेवणघरात कॅमेरे आहेत," ती म्हणाली. "कुणी पडलं-झडलं तर आम्हाला लगेच दिसतं. आधीच सांगितलेलं बरं. काहींना आवडत नाही."

मावशी मान वर करून त्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"खोलीत?" तिने विचारलं.

"खोलीत नाही. खोली तुमची."

"तुम्ही मला सांगितलंत," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती. "परक्या असून सांगितलंत."

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "दादाला कळव. मी ही खोली घेतेय."