प्रबंधातल्या दोन मेथ्या

मखमलाबादच्या मळ्यात वाढलेल्या ज्ञानेशरावांना एका गोष्टीचा भलताच तोरा होता: अख्ख्या इंजिनिअरिंग कॉलेजात लाटेक, म्हणजे गणिताचा मजकूर छापायचं सॉफ्टवेअर, येणारे तेच एकटे! बाकीचे मास्तर समीकरणांना हातानं नंबर टाकायचे, आणि मधे एखादं नवं घुसलं की पुढचे सगळे नंबर बदलत बसायचे. ज्ञानेश प्रत्येक समीकरणाला फक्त एक नाव द्यायचा. नंबर काय तो कॉम्प्युटरच टाकायचा, आणि जिथं ते नाव येईल तिथं तोच नंबर आपोआप छापायचा.

नावं कसली, तर भाज्यांची. घरात पिढ्यान् पिढ्या भाजीपाला, त्यामुळे या शहाण्याला सुचली ती पालक, शेपू आणि कोथिंबीर.

२००४ सालची गोष्ट. पीएचडीची मुदत सोमवारी संपत होती. प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. तिकडे वडील मल्हारी मार्केट यार्डात 'आमचा ज्ञानेश डॉक्टर झाला' म्हणून कधीचेच सांगत सुटले होते. शनिवारी सकाळी त्यानं शेवटची प्रिंट काढली आणि बघतो तर काय: 'समीकरण ४.७ वरून समीकरण ४.७ सिद्ध होते.' दुसऱ्या प्रकरणातही मधेच ४.७!

"व्हायरस आहे," त्यानं बायकोला, उज्वलाला, ठणकावून सांगितलं. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, वीजवाल्यांना शिव्या घातल्या. पडद्यावर दर वेळी शेवटी एक ओळ येत होती: एकच नाव दोनदा दिलं आहे. पण ज्ञानेशराव असलं काही वाचतात होय!

दुपारी वाचली एकदाची. मेथी दोन निघाल्या, एक दुसऱ्या प्रकरणात, समीकरण २.३, आणि एक चौथ्यात, समीकरण ४.७. मेथी उपटली की त्याच वाफ्यात परत मेथी टाकायची, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. दोनदा मेथी यात काही चुकलं असं त्याला वाटणार तरी कसं? कॉम्प्युटर मात्र दोघींना शेवटच्या मेथीचाच नंबर देत होता.

"गाढव आहेस लेका!" असं स्वतःलाच म्हणत तो पोट धरून हसला. चौथ्यातल्या मेथीचं नाव मुळा केलं आणि कुठं कोण हवं ते एकेक लावत गेला. सगळे नंबर जागेवर बसले. राहिलं एकच, ते '४.७ वरून ४.७'वालं वाक्य, ज्यावर अख्खा प्रबंध उभा होता. तिथं आधी २.३ घालून पाहिलं, पायरी जमेना. पुन्हा मांडलं, तरी जमेना. जमत होतं ते ४.७नंच. म्हणजे जे सिद्ध करायचं, तेच पठ्ठ्या आधी धरून चालला होता. प्रिंट बरोबर होती.

हसू कुठल्या कुठं गेलं. तिथं मेथी तशीच ठेवली असती तर छानपैकी २.३ छापून आलं असतं. गाइडची सही झालेली होती, परीक्षक कशाला इतकं खोदतोय!

"झाले का नंबर नीट?" उज्वलानं विचारलं.

"नंबर झाले गं."

"मग रडताय कशाला?"

सोमवारी तो गाइडकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी ती पायरी पाहिली, परत पाहिली, चष्मा काढून ठेवला.

"अरे, मी हे इतक्यांदा वाचलंय," ते म्हणाले.

"मी तर लिहिलंय, सर."

प्रबंध जमा करायची खिडकी बंद व्हायला अजून तास होता. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.