दोरावरचा देवमन

१९७४ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या फूलचंदकाकांनी एक जुनी जीप घेतली आणि दुकानाच्या जाहिरातीसाठी एक माणूस ठेवला. दुकान वाशीमला, दोरखंडाचं. नाव काकूच्या नावावरून ‘राजमती दोरखंड भांडार’. ठेवलेला माणूस म्हणजे देवमन. मी काकांचा पुतण्या प्रेमचंद. माझ्या हाती भोंगा.

देवमन मानोऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. चौथ्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय मनगटाएवढा बारीक राहिला. जमिनीवर तो काठी टेकत चाले. पण शिकायला वाशीमला आला तेव्हा आखाड्यातल्या जगदेव उस्तादांनी त्याला कुस्तीऐवजी दोराच्या मलखांबावर घातलं, आणि तिथे गडी रमला. डाव्या पायाच्या अंगठ्यात दोर धरायचा, काखेत एक वेढा घ्यायचा आणि वीस फुटांवर आडवं व्हायचं, खाटेवर पडल्यासारखं. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्याच्या स्पर्धेत धडधाकट पोरांमध्ये त्याचा दुसरा नंबर आला. काका ते पाहायला गेले होते.

“एवढा गडी दोराले लटकते, म्हंजे दोर मजबूत,” काका म्हणाले. “लोकायले अजून काय सांगाचं?”

पहिला खेळ रामनवमीला, पोहरादेवीच्या यात्रेत. लिंबाच्या फांदीला दोर बांधला आणि मी भोंग्यात सुरू झालो, “पाहा, हा बिचारा अपंग देवमन, देवाने पाय हिरावला, पण राजमतीच्या दोराने...”

देवमन अर्ध्यावरून खाली उतरला. काठी घेऊन माझ्यापाशी आला.

“प्रेमचंद, इथं बिचारा कोन हाय?”

“तसं म्हटलं की लोक थांबतात.”

“थांबतात, च्च-च्च करतात अन् निंगून जातात. मले अकोल्यात दुसरा नंबर भेटला, थे सांग. पाय त लोकायले दिसूनच राह्यला.”

मी पुन्हा भोंगा उचलला आणि नीट सांगितलं, की हा देवमन, जिल्ह्यातला दुसऱ्या नंबरचा मलखांबपटू. तो वर गेला, डोकं खाली करून त्याने दोन्ही हात सोडले, आणि खालची गर्दी दोराभोवती सरकली. उतरल्यावर दोराचा भाव कोणीच विचारला नाही. पाच-सहा पोरं तेवढी पुढे आली. “आमी चढू का?”

“दोर खराब होईन,” काका म्हणेपर्यंत देवमनने एकाच्या पायाच्या बोटांत दोर अडकवलासुद्धा.

परतताना जीपमध्ये त्याने अट घातली. जिथे खेळ होईल तिथे एक दोर झाडाला बांधून ठेवायचा, पोरांसाठी. “अन् अंबाडीचा नाही, शेठ. त्यानं मांडी सोलते. सुताचा पाह्यजे.”

“मी दोर इकाले निंगालो का वाटाले?”

“पोट्टे रोज लटकतीन. बाप रोज पाहीन. याच्या भोंग्यापक्षा थो दोर जास्त बोलीन.”

मंगरूळपीर आल्यावर काका म्हणाले, “गावाले एकच.”

अशी आमची जीप फिरू लागली. खेळ अर्धा तास, शिकवणं दोन तास. मागच्या खेपेला शिकवलेलं पोरं किती विसरली ते पाहायला देवमन महिन्याने पुन्हा त्याच गावी जायचा, आणि जीपच्या तेलावरून काका कुरकुरायचे. दोर मात्र खपत होते.

मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात आमचा चार दिवस मुक्काम पडला, तिथे पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची रंगू भेटली, दहा वर्षांची. तिसऱ्याच दिवशी ती दोराच्या शेंड्याला पोचली. चौथ्या दिवशी पुंजाजी आले.

“पोरगी झाडाले लटकते, गाव हासून राह्यलं. बंद करा हे.”

देवमन वाद घालत बसला नाही. “पुंजाजी, तुमी एकडाव चढून पाहा. मंग बंद करू.”

पुंजाजी पोतं एकट्याने पाठीवर घेणारे. त्यांनी धोतर खोचलं, दोर धरला आणि दोन हात वर जाऊन घसरले. तळहात चोळत उभे राहिले. रंगू त्यांच्या देखत वर गेली.

“हे कोठून आलं इच्या अंगात?”

“हात तुमचाच हाय,” देवमन म्हणाला. “वजन मायचं असन.”

पुंजाजी हसले. त्यानंतर रंगूला सरावाला तेच आणून सोडत.

१९७७ ला ती अकोल्याच्या स्पर्धेत उतरली. संयोजकांपैकी एकाने देवमनला प्रेक्षकांत खुर्ची दिली. तो नमस्कार करून दोराखाली जाऊन उभा राहिला. रंगूची एक पकड सुटली. तिसरा नंबर आला. ती भिंतीकडे तोंड करून रडत बसली.

“मले पयल्या वर्षी नंबरच नव्हता,” देवमन तिच्याशेजारी बसत म्हणाला. “उठ, जेवू. मले भूक लागली.”

पुढे बाजारात नायलॉन आलं, आमचा दोर पडून राहू लागला, आणि काकांनी जीप विकली. देवमनला सांगायचं कसं, म्हणून ते दोन दिवस दुकानातच आले नाहीत. तिसऱ्या दिवशी तोच घरी आला. एका शाळेत मलखांब शिकवायची जागा निघाली होती. अर्ज लिहून हवा होता. मी लिहायला बसलो.

“अनुभव काय लिहू?” मी विचारलं.

देवमन शिकवलेली गावं बोटांवर मोजू लागला. काका आतून बाहेर आले आणि त्याच्या मोजणीतून सुटलेली गावं आठवून सांगू लागले. एकतीस भरली.