तिघींना आलेली हाक

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी ओट्यावरून उठवून लावायचो. आजही लावीन. मसणवाटेच्या बाजूला माझं शेत आहे, चाळीस वर्षं एकट्याने पाणी भरलं, काही दिसलं नाही. शिक्षण चौथी. हे मोबाईलमध्ये बोलून लिहितोय, मुलीने शिकवलं. चुकलं तर चुकलं.

गाव रनाळ्याजवळ, तालुका नंदुरबार. माझी बायको मागच्या पावसाळ्यात गेली. तिला सगळी गल्ली जिजी म्हणायची. मुलगी वैशाली पुण्यात कंपनीत होती. आई गेल्यावर माझ्यासाठी घरी आली, इथूनच काम करते.

तिची कंपनी गावोगावच्या दुकानांतून शेतकऱ्यांना मिरचीची रोपं, ठिबक आणि पंप विकते. गिऱ्हाइकांच्या याद्या तीन, तीन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये. सीआरएम म्हणतात, मी वह्या म्हणतो. मेसेज पाठवणारं मशीन जुनं झालं, म्हणून सगळं नव्यावर न्यायचं आणि ते तिन्ही वह्यांना जोडायचं. हे काम एकट्या वैशालीवर. साहेबाने फोनवर सांगितलं होतं, हे बिघडलं तर घरून काम बंद, पुण्याला परत या. मी ऐकलं होतं. तिला तसं म्हणालो नाही. ती गेली तर या घरात मी आणि भिंती.

उन्हाळ्याचे दिवस. दुपारी चार वाजता नव्या मशीनचं बटण दाबायचं होतं. वैशाली म्हणाली, “आबा, चार वाजापावत गप बसज्यात. कोनाले आत येऊ देऊ नका.”

मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसलो. साडेतीन झाले असतील... समोरच्या घरातून सुमन आली. हात कणकेने भरलेले.

“आबा, माले हाक मारी का कोनी?”

“कोनीच नही.”

“अशी कशी? ‘सुमन, तुन्हा मेसेज उना!’ जिजीनाच आवाज व्हता.”

“तुले ऊन लागनं व्हई. घर जाय.”

ती जाईना. तेवढ्यात मागच्या गल्लीतून म्हातारी रुखमा काठी टेकत आली. तिचंही तेच — मेसेज आला म्हणून जिजीने हाक मारली. मी चिडलो. म्हटलं, दोघी मिळून म्हाताऱ्याची थट्टा करताय का? तर तिसरी, शेजारच्या शिंप्याची शबाना, पार बसस्टँडकडून धापा टाकत आली. “आबा, जिजीने आवाज दी क्या?”

आता माझ्या हातातली मिरची हातातच राहिली.

वैशाली तणतणत बाहेर आली. “आबा! काय सांगेल व्हतं मी?” मग तिघींची तोंडं पाहिली. सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने विचारलं भलतंच. “माय तुमले मेसेजसाठे कसाले हाक मारे?”

सुमन म्हणाली, “आमनापा कोठे फोन व्हता? आम्ही समदीसनी दुकानमा जिजीनाच नंबर देयेल शे. मेसेज उना की ती दारमा उभी राहीसन हाक मारे.”

वैशाली माझ्याकडे वळली. “आबा... एक नंबर म्हनजे एक मानूस, असं सांगेल शे मी मशीनले.”

मला नंतर समजावलं तिने. एका नंबरवरची सगळी नावं नवं मशीन एकाच माणसात घालणार होतं. म्हणजे सुमन, रुखमा, शबाना, सगळ्या जिजीत. आणि आई गेल्यावर वैशालीने तिच्या नंबरला स्वतःच ‘मेसेज बंद’ची खूण केली होती. म्हणजे या सगळ्या बंद! रोपं तयार झाल्याचं कळलंच नसतं. ठरल्या दिवशी नेली नाहीत तर कंपनीची नर्सरी दुसऱ्याला देते, यांचं वर्ष गेलं असतं. असे एका नंबरवरचे लोक गावोगाव निघाले.

तिने काम थांबवलं. साहेब आधी खेकसला. मग नंबर, नाव, गाव असं तिन्ही जुळवून आठ दिवसांनी नवं मशीन चालू झालं. तिघींच्या नावापुढे वैशालीने स्वतःचा नंबर लावला, रोपं वेळेवर मिळाली. वैशाली इथेच आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पण मी सोडलं नाही. पेटीतला जिजीचा फोन काढला... बंद, बॅटरी फुगलेली. तिघींना वेगवेगळं विचारलं. प्रत्येकीने फक्त स्वतःचं नाव ऐकलं. वैशालीने यादी पाहिली. जिजीच्या नंबरवर आजूबाजूच्या पुष्कळ बायका होत्या, पण त्या वर्षी रोपं सांगितलेल्या एवढ्या तीनच.

मी ओट्यावर होतो. माझे कान चांगले आहेत. मला काहीच ऐकू आलं नाही. याचा राग आला, खोटं कशाला बोलू.

शेवटचे तीन महिने जिजीच्या गळ्यातून आवाज निघत नव्हता. घशाचंच दुखणं होतं. पाणी मागायची तर हाताने खूण. ती खूण डोळ्यांसमोरून जात नव्हती माझ्या. म्हणून एक दिवस सुमनला विचारलं, आवाज कसा होता? घोगरा होता का?

“नही आबा. पहिलासारखा. आख्खी गल्ली ऐकी असा.”

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. कोणी समजावून सांगितलं तरी आता मला फारशी गरज नाही. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपलो.