बारकूबायचा घास

बारकूबाय जेवताना मधेच उठायची, दोन्ही हात आढ्याकडे ताठ करायची आणि जागच्या जागी दोन-तीन उड्या मारायची. मग छातीवरून हात फिरवत "गेला गो बाय, गेला," म्हणून पुन्हा ताटावर बसायची. गेला म्हणजे घास गेला. पनवेलजवळच्या तिच्या कोन गावात याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. हळदीच्या पंगतीत ती उठली की शेजारची बाई आपली वाटी थोडी अलीकडे ओढून घ्यायची, इतकंच.

मी पनवेलच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते, तिथे ती मला भेटली. नाव बारकूबाय, पण बाई दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंच. सत्तरीची. गावातली धवलारीण; म्हणजे आगरी लग्नांत विधींची गाणी म्हणणारी. भटजी चुकले तर त्यांना थांबवणारीही तीच. गळा खणखणीत होता, पण अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडेनासं झालं होतं. घास पोटाच्या दारापर्यंत जायचा आणि तिथेच ताटकळायचा.

पहिल्या तपासणीला मी तिच्या हातात एक्स-रेत उमटणाऱ्या बेरियमच्या पांढऱ्या द्रावणाचा पेला दिला. तो झटपट प्यायचा आणि मग एक, दोन आणि पाच मिनिटांनी उभ्यानेच फोटो काढायचे. तिने पेल्याचा वास घेतला.

"चुना कालवलास का गो? मना काय भिंत समजलीस?"

प्यायली मात्र सगळं. पाच मिनिटं झाली तरी पडद्यावर नळीत पांढरा खांब तसाच उभा होता. मी तो तिला दाखवला, तर घाबरायचं सोडून बाई खूश झाली.

"सात वरसं सांगते, अडाकतं. समदी बोलली, म्हातारीची नाटकं. आता बोलवा त्यांना!"

आणि तिने खरंच बाहेर बसलेल्या दोन्ही सुनांना आत बोलावून तो खांब दाखवला.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून आतला आवळलेला स्नायू कापला. बाहेर एक टाका नाही. तीन महिन्यांनी गिळणं कितपत सुधारलं हे बघायला ती पुन्हा आमच्याकडे आली.

"घास अडकतो?" आमच्या डॉक्टरांनी विचारलं.

"अडाकतं."

"किती वेळा?"

"दर घासाला."

"उलटून येतं?"

"भरभरून."

डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. वजन नऊ किलोंनी वाढलं होतं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"उरनला लेकीकडं गेलते," ती शांतपणे म्हणाली. "तिकडचा वारा लागला."

मी बेरियम पाजलं. पहिल्या मिनिटाला नळी अर्धी रिकामी, दुसऱ्याला साफ. पाचव्या मिनिटाचा फोटो मी नुसता नियम म्हणून काढला. बारकूबाय माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती.

"परत काड. मशीन बिगडली तुझी."

"मशीन ठीक आहे, मावशी. तुमचं दार उघडलंय."

ती स्टुलावर बसली. दार लागलंय ना, हे तिने आधी बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फोटो खोटा नाय बोलत. पन तू तं बोलशील?"

मला हसू आवरेना. पण तिचा चेहरा बघून थांबले. मग तिने सांगितलं. थोरली सुगंधा आणि धाकटी वनिता, दोघींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. अंगणात भिंत घातली, तिच्यावरून बिनसलं आणि एका घरात दोन चुली झाल्या. सासूचं अन्न उतरत नाही हे पहिल्या फोटोत दिसलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळं मऊ आणि गाळलेलं द्या. थोरली भात गुरगुट्या शिजवायची, धाकटी माशांचं कालवण काटा काढून गाळायची. भाताशिवाय कालवण वाढता यायचं नाही, म्हणून एकमेकींसाठी थांबावं लागायचं. हळूहळू एकाच ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या.

"माझा घास अडाकला म्हून त्या एक झाल्या गो. आता मी बरी झाले तं परत भिंत."

"पण तुम्ही अडकतं म्हणत राहिलात तर डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालतील."

हे तिच्या हिशेबात नव्हतं. ती माझ्यावरच उखडली. "सासू नाय वाटतं तुना!"

मी म्हटलं, आहे, म्हणूनच खोटं बोलायचं नाही ठरवलंय. आणि मी दार उघडलं. दोघी सुना बाकावर एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. मी सांगितलं, फोटो उत्तम आहे, आईंना सगळं खाता येईल.

सुगंधाने मानही वर केली नाही. "म्हाईत हाय. डब्यातलं सुकं बोंबील उंदीर भाजून नाय खात."

बारकूबायच्या तोंडाचा आ झाला. "मंग बोलली का नाय?"

वनिता म्हणाली, "तुमी अडाकतं म्हनता म्हून आमाला एका जागी उभं राव्हाला मिलतं. नायतर आधी कोन बोलनार?"

"आता मी बरी झाले तं?"

सुगंधाने जावेकडे पाहिलं. "भांडू की. पन सयपाक झाल्यावर."

बारकूबाय तशीच उठून डॉक्टरांकडे गेली आणि म्हणाली, प्रश्न परत विचारा.

"घास अडकतो?"

"नाय."

"कधीच नाही?"

"थोरलीची वांगी अडाकतात. पन तुमच्या मशीनीत ती दिसायची नाय."

त्यानंतर दोन वर्षं ती वर्षाच्या तपासणीला येत राहिली. दर वेळी कुणाच्या तरी लग्नाची हकीकत ऐकवायची आणि मधेच लग्नातला एखादा धवला गायला लागायची. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहायचे.

तिसऱ्या वर्षी तिच्या तारखेला दोघी सुना आल्या, तिच्याशिवाय. आठवड्यापूर्वी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. सुगंधा हे सांगत होती आणि वनिताने तिचा दंड धरून ठेवला होता. तपासणीआधी विचारायच्या इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेवटचं काय खाल्लं होतं?"

सुगंधाने पदराने डोळे पुसले.

"मटनाची नळी," ती म्हणाली. "चोखून. आणि वरून आमाला बोलली, मीठ कमी हाय."