वर्गाचे नियम आणि आबांचं भरीत

माझ्या वर्गात शिस्त फार चांगली आहे. इतकी चांगली, की तिच्यापायी माझ्या नणंदेचं लग्न मोडायची पाळी आली होती.

मी सोनगीरजवळच्या एका खेड्यात तिसरीला शिकवते. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, "वर्गाचे नियम मुलांनाच ठरवू द्या." मी मानलं. (प्रशिक्षणातलं मी सगळं मानते. आपलं काहीच मानत नाही, अशी माझ्या नवऱ्याची तक्रार आहे.) मुलं सांगत गेली आणि मी मोठ्या कागदावर लिहीत गेले. हात वर करून बोलायचं. विचारल्याशिवाय आत यायचं नाही. खरं बोलायचं. शेवटी मॉनिटर कोमल उठली. आदल्या दिवशी कुणीतरी दप्तरात तोंड घालून एकट्यानेच चिक्की खाल्ली होती आणि तिचा राग अजून गेला नव्हता.

"बाई, वर्गमां जे खावानं ई, ते बठ्ठास्नं!"

म्हणजे वर्गात जे खाण्याचं येईल, ते सगळ्यांचं. केवढी ही समज! मला भरून आलं. त्या भरात मीच वर जोडलं, "आणि हे नियम मोठ्यांनाही लागू बरं का!" (कुणी विचारलं होतं?)

थंडीत नणंदेचं, वैशालीचं, जळगाव जिल्ह्यात फैजपूरला जमलं. साखरपुड्याच्या भर पंगतीत नवऱ्या मुलाचे आजोबा, नाना, म्हणाले, "धुळ्याकडे भरीत कुठी असतं? ती वांग्याची भाजी!" माझे सासरे आबा हसले, पण नुसते ओठांनी. पुढे नाना घरी जेवायला येणार असं कळलं आणि आबांनी कंबर कसली. शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, ठेचली, फोडणीही स्वतः दिली. सासूबाईंना जवळ फिरकू दिलं नाही. धुळे जिल्ह्याची अब्रू आता त्या पातेल्यात होती!

दुपारी आबा ते पातेलं घेऊन थेट माझ्या वर्गात हजर.

"सूनबाई, हाई भरीत आठे ठेवस. घर मांजर शे. मी फाट्यावर जाईसन पाव्हनास्ले लई येस."

"आबा, तुम्ही नानांना घेऊन येईपर्यंत भरीत इथे? इथे मुलं आहेत!"

"पोरे शेत. मांजर नही ना!"

ते गेले आणि लगेच मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. कसलीशी ऑनलाइन माहिती तातडीने भरायची होती. नेट फक्त गच्चीवर मिळतं, तेही मोबाइल डोक्यावर धरला तर! त्या अवस्थेत मी उभी असताना खाली मधली सुट्टी झाली, शाळेची खिचडी आली आणि गेलीसुद्धा.

परत आले तर वर्ग चिडीचूप. मुलं ओळीत बसलेली, हात धुतलेले, जमिनीवर एक शीत नाही. अशा वेळी शहाण्या बाईला संशय आला असता. मला अभिमान वाटला! मग कोमलने हात वर केला.

"बाई, खिचडीसंगे बठ्ठास्नी खाधं. कोन्हीच दोनदा लिधं नही. तुमना वाटा ठेयेल शे."

झाकणावर चमचाभर भरीत होतं. पातेलं घासून पालथं घातलेलं! रागवायला तोंड उघडलं, पण कुठला नियम मोडला म्हणून रागवू? तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

पुढे आबा, मागे हातात केळ्यांची फणी घेऊन नाना. कोमलने दारातच दोन्ही हात पसरले.

"इचारा पहिले!"

"मी आत येऊ का, बाई?" नाना म्हणाले.

"या. पन केळा बठ्ठास्ना!"

नानांना हसू आवरेना. त्यांनी फणी तिथेच वाटून टाकली. इकडे आबा पालथ्या पातेल्याकडे बघत होते.

"सूनबाई... भरीत?"

मी हात वर केला. "आबा, संपलं."

आबांचा चेहरा असा उतरला, की मला रडूच आलं. मी मुकाट्याने झाकण नानांपुढे धरलं. नानांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. सगळा वर्ग श्वास रोखून. आबा तर बाकाला धरून!

"आबा, एक नंबर! आमच्या घरच्याले लाजवील असं." आबांची छाती फुगली. "पन वांगी कुठची?"

आबा छताकडे बघू लागले. कोमलने पट्टी घेऊन कागदावरच्या 'खरं बोलायचं' या ओळीखाली ठेवली. गावचे माजी उपसरपंच असलेल्या आबांनी हळूहळू हात वर केला.

"जळगावनी."

"मग ते भरीत आमचंच की!" नाना बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घरी पुऱ्यांबरोबर ठेचा खातानाही वांगं मोठं की फोडणी मोठी यावर दोघांचं कडाक्याचं भांडण चालू होतं, आणि दोघंही इतके खूश, की लग्नाची तारीख हात धुता धुताच ठरली.

लग्नात आबांनी मला अन्नाच्या आसपास येऊ दिलं नाही. मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या चपला राखायला बसवलं. मी डोळ्यांत तेल घालून एकूण एक चप्पल सांभाळली. रात्री अनवाणी घरी आले, कारण गेली ती नेमकी माझीच!