लॅमिनेशनकाकांच्या लेकीचा दाखला

नोंदणी कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या काकांना सगळी गल्ली लॅमिनेशनकाका म्हणायची, आणि ते नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. कागद दिसला की काकांचे हात शिवशिवायचे. जन्मदाखले, गुणपत्रिका तर सोडाच, बायकोने केलेली किराण्याची यादीसुद्धा त्यांनी एकदा यंत्रातून काढली होती. त्या दिवशी काकू दोन तास बोलल्या नाहीत.

असा माणूस एकुलत्या एका लेकीचा विवाहदाखला सोडतो होय? तो मिळाला त्याच दिवशी, दुकानातलं सगळ्यात जाड प्लास्टिक लावून, एकही बुडबुडा न ठेवता, त्यांनी तो तिच्या हातात ठेवला.

वर्षभराने जावयाने तिला परदेशात बोलावलं. व्हिसाची तारीख दहा दिवसांवर होती. ती हुकली की पुढची सहा महिन्यांनी. त्याआधी दाखल्यावर सरकारी शिक्का हवा होता. काका लेकीला घेऊन ऐटीत शिक्का मारणाऱ्या सरकारी कचेरीच्या खिडकीशी गेले. आतल्या बाईंनी दाखला उलटसुलट करून पाहिला.

"शिक्का कुठे मारू, काका? प्लास्टिकवर शाई धरते का?"

"सोलून देतो की, मॅडम. आत्ता देतो."

"सोललं तर कागदच फाटेल. नवी नक्कल काढून आणा."

लेकीने दाखला हलकेच परत पिशवीत ठेवला. तेच काकांना जास्त लागलं. पोरीचा संसार आपणच आपल्या हातांनी अडकवला, असं त्यांना वाटू लागलं.

दुकान बंद ठेवून काका नोंदणी कार्यालयात ठाण मांडून बसले. रोज त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर चहा पिणारे कारकून आता "उद्या या" म्हणू लागले. आधी साहेब रजेवर होते, मग रजिस्टर सापडेना. आठव्या दिवशी एकदाची नक्कल मिळाली. काकांनी ती दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवली आणि पिशवी छातीशी धरून घरी आणली.

नवव्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, सही केली, शाईवर फुंकर घातली आणि दाखला लेकीला दिला. काका मागच्या बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

"बाबा, लोक बघतायत! झालं ना काम?"

"झालं गं," काका म्हणाले, "म्हणूनच तर."